गाडीचा टप

मोटारगाडीसारख्या विषयावर आम्ही लेखणी उचलावी, हें पाहून ज्यांनीं आम्हांस मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतांना पाहिलें आहे, त्यांस हसूं येईल. परंतु यंदाच्या चैत्रांत या विषयानें आमच्या घरीं असें ठाण मांडलें कीं, पंगतींत दुसरें बोलणें म्हणून उरलें नाहीं.

आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंची एक स्टँडर्ड हेरल्ड गाडी आहे; १९६४ सालची, दोन दारांची, मद्रासेस बनलेली. ते गेल्यापासून ती मागील अंगणांत ताडपत्रीखालीं उभी होती. तिचा टप उतरवून ती उघडी करावी, असें आमच्या पुतण्याच्या मनानें घेतलें. विलायतेंत बंद टपाच्या जॅग्वार ई-टाइप गाड्या कापून उघड्या करणारे कसबी कारागीर आहेत, असें तो कोठूनसें वाचून आला होता. आम्हांस तें मुळींच रुचलें नाहीं. वडिलांच्या मागें त्यांच्या वस्तूचें डोकें उडवावयाचें, ही कसली हौस!

परंतु राग न दाखवितां वाद करावयाचा, तर शास्त्राचा आधार हवा. मास्तरकीची संवय कांहीं जात नाहीं. आम्हीं जोड्यांचें एक खोकें आणविलें. झांकणासह पिळून दाखविलें, तें जागचें हललें नाहीं. झांकण काढून पिळलें, तों तें धुतल्या धोतरासारखें वळलें. त्या जॅग्वारची गोष्ट अशीच आहे. तिच्या बैठकीच्या भागाखालीं निराळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हींच तिची हाडें. टप कापला कीं ती मधोमध खचूं पाहते आणि दारें अडकतात. म्हणून जाणते कारागीर कापण्यापूर्वीं दारांच्या पोकळींत लोखंडी कांबी वेल्ड करून अंतर राखतात, व दारांखालच्या उंबऱ्यांस आंतून जाड पत्रा देतात. हें सर्व ऐकून पुतण्या निरुत्तर झाला.

मिस्त्री मात्र हसला. "गुरुजी, तुम्ही सांगितलंत तें खरं, पण ही गाडी तसली न्हाई. हिचा टप कापायचा नसतो; बोल्ट सोडले की निघतो."

आम्ही वरमलों, आणि मग वाचूं लागलों. मिस्त्र्याचें अक्षरशः खरें निघालें. ही गाडी प्रथम १९५९ सालीं इंग्लंडांत कॉव्हेन्ट्री येथें ट्रायम्फ हेरल्ड या नांवानें निघाली. तिच्या कारखान्यास अंगाचे पत्रे पुरविणारी कंपनी १९५३ सालीं प्रतिस्पर्ध्यांच्या हातीं गेली होती. तेव्हां त्यानें बहुतेकांनीं टाकून दिलेली जुनी रीत धरली; खालीं पोलादी चौकट आणि तिच्यावर ठिकठिकाणीं घडविलेले, बोल्टांनीं जोडलेले अंगाचे तुकडे. रूप दिलें तें मिकेलोत्ती या इटालियन रेखाकारानें. बंद गाडी, उघडी गाडी, मालाची गाडी, सर्व याच एका चौकटीवर उभ्या राहिल्या. तीच आंखूड करून १९६२ सालीं स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स गाडीही निघाली. समास असा सुटसुटीत असावा कीं विग्रह करतांच पदें मोकळीं व्हावीं. तसें हें यंत्र आहे. आम्हांस तें आवडूं लागलें, हें येथें कबूल करतों. घरांत तेव्हां केलें नाहीं.

कारण आमच्या भात्यांत अजून एक बाण होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्रांतील तपशील जुळूं नये, असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजावलें आहे. पुतण्यानें कागद वाचला, घडी घातली आणि तो उठून गेला. त्या रात्रीं आम्हांस झोंप छान लागली.

सकाळीं वहिनी ओसरीवर आल्या. "भावोजी, रस्त्यावर न्यायची नाहीं, तर नका नेऊं. पण अंगणांत एकदां काढून बघूं या. पावसाळ्यांत कांचेवरच्या सांध्यांतून पाणी गळायचें, तेव्हां हे म्हणायचे, एक दिवस हा टपच काढतों आणि उघड्या गाडींतून तुला वाडीस नेतों. मुलांच्या शिक्षणापायीं राहिलें तें."

आम्हांस हें ठाऊक नव्हतें. चाळीस वर्षें एका छपराखालीं राहून ठाऊक नव्हतें. बंधूंचा पक्ष म्हणून जो आम्ही पंधरा दिवस लढवीत होतों, तो बंधूंचा नव्हताच.

बोल्ट गंजले होते. दोन दिवस तेल सोडावें लागलें, तरी एक तुटलाच. मग चौघांनीं टप उचलून ओसरीवर गोधडीवर ठेवला. वहिनी पुढच्या बैठकीवर डाव्या बाजूस बसल्या. ती त्यांची नेहमींची जागा. आम्हांस त्यांनीं चाकामागें बसविलें. आम्हांस गाडी चालवितां येत नाहीं. आम्ही नुसतेच चाक धरून बसलों. वर आंब्याचा मोहोर सरून कैऱ्या धरल्या होत्या, त्या बसल्या जागेवरून दिसत होत्या. कोणी बोललें नाहीं.

मृगापूर्वीं टप परत चढवावा, असें ठरलें आहे. सांध्याचें नवें रबर आलें. मिस्त्रीही दोनदां येऊन गेला. दोन्ही वेळां वहिनींनीं त्यास चहा देऊन परत धाडलें.