वॉबॅश नदीकाठचं बास्केटबॉलचं गाव

दोस्तांनो, भूगोलाच्या पुस्तकातला अमेरिकेचा नकाशा उघडा पाहू. वरच्या बाजूला पाच मोठी सरोवरं दिसतील. त्यांतल्या मिशिगन सरोवराच्या खालच्या टोकाशी शिकागो शहर आहे. तिथून बोट आग्नेयेकडे सरकवा. साधारण दोनशे किलोमीटरवर वॉबॅश नावाची नदी लागते. नदीच्या पूर्वेला लाफिएट, पश्चिमेला वेस्ट लाफिएट. आपल्याकडे नदीच्या दोन काठांवर खुर्द आणि बुद्रुक असतात ना, तसंच!

या वेस्ट लाफिएटमध्ये पर्ड्यू विद्यापीठ आहे. माझा भाऊ तिथे नोकरी करतो. २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचं होतं, म्हणून जेमतेम तीन आठवडे राहिले.

शिकागोहून मोटारीनं निघालो की दोन्ही बाजूंना सपाट शेतं लागतात. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मी बीड जिल्ह्यातली, त्यामुळे सोयाबीन पाहून मला घरी आल्यासारखंच वाटलं. फरक एवढाच की शेताला बांध दिसत नाही आणि शेतात माणूसही दिसत नाही. मधूनच एखादं एकटं घर, धान्याची उंच गोल कोठी, आणि घराच्या दाराशी हमखास एक बास्केटबॉलची कडी. हे राज्य इंडियाना. आपल्याकडे गल्लीत विटा रचून क्रिकेटचे स्टंप उभे राहतात, तशी इथे प्रत्येक अंगणात बास्केटबॉलची कडी लागते.

इंडियानातल्या पोरांना एक गोष्ट आजोबांकडून ऐकायला मिळते. १९५४ सालची. मायलन नावाच्या खेड्यातल्या हायस्कुलात अवघे १६१ विद्यार्थी होते. त्या शाळेनं मोठमोठ्या शहरांतल्या शाळांना हरवून राज्याचं अजिंक्यपद जिंकलं! शेवटच्या सामन्यात गुण बरोबरीत होते आणि शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्प नावाच्या मुलानं चेंडू कडीत टाकला. लहानपणापासून बरोबर खेळलेली ती पोरं. कोण कुठे धावेल, हे त्यांना एकमेकांकडे न बघताही कळायचं.

आता विद्यापीठात फेरफटका मारू या. पर्ड्यू १८६९ साली स्थापन झालं. जॉन पर्ड्यू नावाच्या व्यापाऱ्यानं दीड लाख डॉलर दिले. त्यांची समाधी विद्यापीठाच्या आवारातच आहे. इमारती लाल विटांच्या. एका इमारतीसमोर नील आर्मस्ट्राँग यांचा पुतळा बसलेला आहे. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे आर्मस्ट्राँग इथलेच विद्यार्थी, बरं का! पुतळ्याजवळ चंद्रावरच्या पावलांसारखे ठसे उमटवले आहेत. माझा पुतण्या दर वेळी त्यांच्यावरून उड्या मारत जातो.

थोडं पुढे एक उंच घंटाघर आहे. त्याच्याविषयी इथे एक समजूत आहे. पदवी मिळण्याआधी जो विद्यार्थी या घंटाघराखालून जाईल, त्याचं शिक्षण चार वर्षांत पुरं होणार नाही म्हणे! म्हणून मुलं वळसा घालून जातात. इंजिनिअर होणारी मुलं, पण वळसा घालतात. मला हसू आलं. मात्र नंतर वाटलं, चार वर्षं एका जागी राहून हाती घेतलेलं पुरं करणं, हे या गावाला किती मोलाचं वाटत असेल!

आणि आज मला त्याच ‘चार वर्षां’ची गोष्ट सांगायची आहे. ती घडते मॅकी अरीना नावाच्या गोल घुमटाच्या इमारतीत. १९६७ साली हे बास्केटबॉलचं मैदान उघडलं. आत चौदा हजारांहून जास्त माणसं बसतात. घुमटामुळे आवाज असा घुमतो की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मी गेले तेव्हा मात्र सुट्टी होती. सगळं कसं शांत शांत. पुतण्याच मला सगळं सांगत होता. त्याचं वय दहा, पण बास्केटबॉलचा तो जणू प्राध्यापकच.

सांगता सांगता तो एकदम थांबला. म्हणाला, “आत्या, कॅमडेन हायडी गेला. माझ्याकडे त्याचा फोटो आहे, आणि तो टेक्सासला गेला!”

“म्हणजे पास होऊन गेला का?”

“नाही गं. दुसऱ्या कॉलेजात गेला.”

२०२४ च्या अंतिम सामन्यात या हायडीनं हवेत झेपावून, कडीवरून परतलेला चेंडू दणक्यात आत घातला होता. गावातल्या पोरांना तो क्षण पाठ आहे. तो २०२५ च्या वसंतात पर्ड्यू सोडून टेक्सास विद्यापीठात गेला. त्याच सुमारास माइल्स कॉल्व्हिन हाही वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेला. त्याचे वडील तर पर्ड्यूकडूनच अमेरिकन फुटबॉल खेळलेले!

हे कसं होतं, ते नीट समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजचे सामने लाखो लोक टीव्हीवर पाहतात. मार्च महिन्यातल्या मोठ्या बाद फेरीच्या स्पर्धेसाठी टीव्ही कंपन्या वर्षाला सुमारे ११० कोटी डॉलर मोजतात. प्रशिक्षकांना लाखो डॉलर पगार. पण खेळणाऱ्या पोरांना मिळायची ती शिष्यवृत्ती: शिक्षण, राहणं, जेवण आणि थोडा वरखर्च. स्वतःची सही विकून चार पैसे घेतले तरी खेळायला बंदी यायची. शिवाय बास्केटबॉलच्या खेळाडूनं कॉलेज बदललं, तर सहसा एक वर्ष त्याला नुसतं बसून राहावं लागे.

मग नियम बदलले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन पैसे मिळवता येऊ लागले. त्याच वर्षी, एकदा कॉलेज बदललं तर वर्ष वाया जाणार नाही, असं ठरलं. २०२४ मध्ये तर कितीही वेळा बदललं तरी चालेल, फक्त अभ्यासात पास व्हायला हवं, असा नियम झाला. आणि मी तिथे असतानाच, ६ जून २०२५ ला, एका न्यायालयानं मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. त्यामुळे कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षासाठी मर्यादा ठरली ती एका कॉलेजाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आपले पावणेदोनशे कोटी रुपये झाले की हो!

कॉलेज बदलण्यासाठी संगणकावर एक यादी असते. खेळाडूनं सांगितलं की त्याचं नाव यादीत चढतं. मग दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्याला फोन करू शकतात. २०२५ च्या वसंतात एकट्या पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये, पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांतून दोन हजारांहून अधिक नावं त्या यादीत होती. आणि अशी कॉलेजं किती? साधारण ३६०. म्हणजे दर कॉलेजामागे पाच-सहा जण! दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात यावं आणि निम्मा वर्ग नवाच दिसावा, तसंच.

हे वाईट झालं का? घाई करू नका. २०२३ च्या मार्चमध्ये पर्ड्यूचा एक भयंकर पराभव झाला. त्यांना आपल्या गटात पहिलं मानांकन होतं. समोर होता सोळावं, म्हणजे शेवटचं मानांकन असलेला फेअरली डिकिन्सन विद्यापीठाचा संघ. पर्ड्यू ५८–६३ असं हरलं! तोवर पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात असं फक्त एकदाच घडलं होतं. पण पुढची गंमत ऐका. पर्ड्यूला हरवणाऱ्या संघाचा प्रशिक्षक त्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्या कॉलेजात गेला. त्याला कुणी ‘एक वर्ष बसून राहा’ असं म्हटलं नाही. मोठ्या माणसांना जी मुभा आहे, ती पोरांनाही हवीच. कितीतरी खेळाडू गरीब घरांतले असतात. त्यांच्या खेळावर इतरांनी कमवायचं आणि त्यांनी हात रिकामे ठेवायचे, हा कुठला न्याय?

म्हणून आता प्रश्न असा झाला, की दार उघडं असताना कोण थांबतो आणि का?

त्या पराभवानंतर सगळा देश पर्ड्यूला हसत होता. संघात ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर ही पहिल्या वर्षाची दोन मुलं होती, दोघंही इंडियानातलीच. दोघंही थांबली. झॅक ईडी हा सात फूट चार इंच उंचीचा कॅनडाचा खेळाडूही परत आला. तो त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता. शिवाय तो परदेशी विद्यार्थी. व्हिसाच्या नियमांमुळे इतरांसारखं अमेरिकेत जाहिराती करून कमावणं त्याला शक्य नव्हतं. तरी आला. संघानं बाहेरून मोठा बदल एकच केला. लान्स जोन्स नावाचा अनुभवी खेळाडू सदर्न इलिनॉय विद्यापीठातून आणला. बघा, बदली होऊन येणाऱ्याचाही उपयोग होतोच.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. पर्ड्यू याआधी १९६९ साली अंतिम सामना खेळलं होतं. तेव्हा त्यांना हरवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक होते जॉन वुडन, पर्ड्यूचेच माजी विद्यार्थी! या वेळीही पर्ड्यू हरलं. कनेटिकटनं त्यांना ७५–६० असं हरवलं. ईडीनं एकट्यानं ३७ गुण केले. चषक हुकला, पण हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

तिसरा मुलगा ट्रे कॉफमन-रेन. तोही इंडियानाचाच. पहिलं वर्ष त्यानं एकही सामना न खेळता नुसता सराव केला. पुढची दोन वर्षं समोर ईडी होता, त्यामुळे खेळायला मिळायचं ते बेताचंच. यादीत नाव घालायला एक अर्ज पुरला असता. तो थांबला. २०२४–२५ मध्ये त्याची सरासरी सामन्याला २० गुणांची झाली. त्याच हंगामात स्मिथ त्यांच्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षासाठी तिघंही पुन्हा पर्ड्यूतच राहिले, आणि २०२५ च्या शरद ऋतूत हंगामाआधीच्या देशाच्या क्रमवारीत पर्ड्यूचं नाव पहिलं आलं. त्यांच्या इतिहासात प्रथमच!

प्रशिक्षक मॅट पेंटर स्वतः इंडियानाचे आणि पर्ड्यूचे जुने खेळाडू. २००५ पासून मुख्य प्रशिक्षक म्हणून इथेच आहेत. पर्ड्यूही खेळाडूंना पैसे देतं, हे विसरून चालणार नाही. नुसत्या मायेवर आज कुणाला ठेवून घेता येत नाही. पण जास्त पैसे देणारं कुणी ना कुणी असतंच. मग मुलाला इथे आपलं काय आहे, ते दिसावं लागतं: आपल्याला शिकवायला वेळ देणारा माणूस, आपला पास कुठे येणार हे ओळखणारा सोबती, अर्ध्यावर आलेली पदवी, आणि आपल्या नावानं ओरडणारं गाव. कॉलेज बदललं की शिकलेले सगळेच विषय नव्या ठिकाणी धरले जातील असंही नसतं. ही किंमत पैशांच्या आकड्यात दिसत नाही.

हे सगळं ऐकताना मला माझा वर्ग आठवत होता. आमच्याकडे दिवाळी झाली की काही मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. बाकावरच्या जागा रिकाम्या होतात. त्या मुलांना कुणी विचारत नाही की तुला जायचं आहे का. लेझीमच्या रांगेत मधलाच जोडीदार गेला, की उरलेल्यांचा ताल चुकतो. म्हणून मला वाटतं, जायचं की राहायचं हे स्वतः ठरवता येणं, ही फार मोठी गोष्ट आहे. हायडीनं ती वापरली, स्मिथनंही वापरली. एकानं जायचं ठरवलं, एकानं राहायचं. दोघांपैकी कुणीही गुन्हा केला नाही.

पुतण्याला मी विचारलं, “मग हायडीचा फोटो काढून टाकणार का?”

त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, “नको. ती उडी आमच्याकडे असतानाच मारली होती ना!”

आहे की नाही शहाणा? मुलांनो, तुमच्याही शाळेच्या कबड्डीच्या किंवा खो-खोच्या संघातला एखादा गडी कधीतरी दुसऱ्या गावी जाईल. त्याच्यावर रुसू नका. आणि जो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतोय ना, त्याच्याकडे जरा लक्ष द्या. त्याला सरावात एक पास जास्त द्या. थांबावंसं वाटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.