कोळसा सोडून बाकी सगळं

भूशास्त्रात एम.एस्सी. केली ती पुण्यात. तिकडे खडक म्हणजे बेसाल्ट. टेकडी चढा, घाट उतरा, विहीर खणा, भेटणार तोच. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीत प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले तेव्हा हातात पदवी होती, पण तिथल्या एकाही खडकाशी माझी ओळख नव्हती. वर्धा खोऱ्यातला हा कोळसा गोंडवाना खडकांतला. आमच्या बेसाल्टचा लाव्हा वाहिला त्याच्या वीसेक कोटी वर्षं आधीचा.

वरून पाहिलं तर खाण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला प्रचंड खड्डा. या पायऱ्यांना बेंच म्हणतात. मी कोळसा शोधत होते आणि तो दिसला अगदी तळाशी, एका काळ्या पट्ट्यासारखा. त्याच्या वरचं सगळं म्हणजे ओव्हरबर्डन. खाणीत त्याला नुसतं ‘ओबी’ म्हणतात. दिवसभर डम्पर धावतात ते बहुतेक या ओबीपायीच. आमचे सीनियर मूळचे वणीचे. ते म्हणाले, “कोळसा कुठं पळून नाही जात, मॅडम. आधी वरचं पाहा.”

वरचं पाहायला लागले आणि गोंधळ वाढला. सगळ्यात वर काळी कापूसमाती. तिच्याखाली पिवळसर चिकणमाती आणि नदीची वाळू. मग तांबूस-पिवळा, भरड वाळूखडक आणि रंगीबेरंगी माती, हा कामठी थर. त्याखाली पांढुरका-करडा वाळूखडक आणि शेल, म्हणजे पापुद्र्यांनी फुटणारा मातीचा खडक, हा बराकर. कोळसा या बराकरमध्ये असतो. वर्धा खोऱ्यात त्याची मुख्य सीम, म्हणजे कोळशाचा थर, काही ठिकाणी पंधरा-वीस मीटर जाड भरते. पुस्तकात या थरांमध्ये सरळ रेघ ओढलेली असते. खाणीच्या भिंतीवर मात्र धूळ, ओघळ आणि यंत्राच्या दातांचे ओरखडे. कामठी संपून बराकर कुठे सुरू झाला, ते मला कितीतरी दिवस समजत नव्हतं.

सीमजवळ उतरल्यावर निराळीच पंचाईत. तिथे काळं तर सगळंच. सीमच्या पोटात शेलचे पट्टे असतात आणि कोळसा कुठे संपून शेल कुठे लागला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. “काळं दिसते म्हणून कोळसा नसते,” सर म्हणाले. “हातात घ्या. हलका लागते तो कोळसा, जड लागते तो शेल.” मग मी ढेकळं तोलत सुटले. चकाकी पाहायची, फुटतं कसं ते पाहायचं. या दोन्हींच्या मधला ‘शेली कोल’ अजूनही मला छळतो. प्रश्न पैशाचाही असतो. कोळशाची प्रत उष्मांकावरून ठरते, जी-१ पासून जी-१७ पर्यंत. भरताना शेल मिसळला की राख वाढते आणि प्रत घसरते.

या कोळशात मुळातच राख इतकी का, याचं उत्तर भूतकाळात आहे. हा कोळसा बनला तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात, ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. हिमनद्या वितळल्या, त्या जागी नद्यांची मैदानं आणि दलदली आल्या, ग्लोसोप्टेरिससारख्या वनस्पती वाढल्या आणि गाडल्या गेल्या. पुराच्या पाण्याने त्या कुजणाऱ्या पाल्यात गाळही आणून टाकला. तो गाळ म्हणजेच आजची राख. त्या बर्फाचा पुरावा बराकरच्या खालच्या तालचीर थरात सापडतो. पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ हिमनदीने घासून ओरखडलेला चुनखडक आढळला आणि भूशास्त्रज्ञ फेडन यांनी त्यावर १८७५ साली लिहिलं. मे महिन्यात ४५ अंशांच्या चंद्रपुरात उभं राहून हे पचवणं मला फार जड गेलं.

खरी परीक्षा बोअरहोलची. ड्रिलिंगमधून निघालेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, लांब पेट्यांत, उसाच्या कांड्यांसारखा ओळीने मांडलेला असतो. त्याचं मीटरवार वर्णन लिहायचं. मग शेजारशेजारचे बोअर कागदावर जुळवायचे. एका बोअरमध्ये चाळीस मीटरवर सीम लागते, शेजारच्यात ऐंशीवर. जमीन उंचसखल असते म्हणून नुसत्या खोलीला अर्थ नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे आरएल, काढावी लागते. ती काढूनही फरक राहिला तर मुख्य शक्यता दोन. थराचा उतार तेवढा आहे, किंवा मध्ये फॉल्ट आहे आणि एका बाजूचा सगळा गठ्ठा खाली सरकलाय. कोणती खरी? दोन बोअरवर ते सांगता येत नाही, निदान तिसरा लागतो.

हे कळल्यावर ओबीचा हिशेब कळला. सीम एका बाजूला मातीखाली थोड्याच खोलीवर असते आणि उताराच्या दिशेने खोल जाते. खाण पुढे सरकते तसं टनभर कोळशासाठी अधिकाधिक घनमीटर ओबी काढावं लागतं. खाण कुठे थांबणार, हे या गुणोत्तरावर ठरतं. शिवाय कामठीचा वाळूखडक सच्छिद्र, पाणी धरणारा. भिंत कापली की ते पाणी खाणीत झिरपतं, तळाच्या सम्पमधून, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्यातून, पंपाने उपसावं लागतं आणि त्या उपशाने आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते. पावसाळ्यात ओली चिकणमाती घसरते, म्हणून कड्यावरच्या भेगांवर रोज नजर ठेवतात.

माझ्यामागून येणाऱ्या नवख्यांना एवढंच सांगेन. खाणीत उतरलात की कोळशाकडे शेवटी वळा, आधी वरची भिंत वाचायला शिका. कोळसा किती महाग पडणार, पाणी कुठून येणार आणि कडा कुठे सुटणार, हे तिन्ही कोळशात नाही, त्याच्या वरच्या खडकात कळतं.