पेटीतला रणगाडा

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेल्या पॅटनसमोर प्रथम उभा राहिलो, तेव्हा वाटले होते, या पोलादापुढे माणसाची काय मातब्बरी? सिमनेटविषयी वाचले आणि तो समज उतरला.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या डार्पा संस्थेने, जॅक थॉर्प या वायुदलातील अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून, ही प्रणाली उभारण्यास आरंभ केला. मैदानी सरावात गोळे महाग, इंधन महाग. शिवाय तिथले लक्ष्य उलटून मारा करीत नाही! म्हणून रणगाड्याच्या अंतर्भागासारख्या पेट्या बनवल्या. आत कमांडर, तोफची, गोळे भरणारा आणि चालक. डोळ्यांपुढे संगणकाने रेखाटलेली ओबडधोबड भूमी. आणि सर्व पेट्या एकमेकींना जोडलेल्या. गंमत म्हणजे प्रत्येक खटका खरा नव्हता. शिकण्यास जे अनावश्यक, ते सरळ गाळले होते.

२६ फेब्रुवारी १९९१. इराकचे वाळवंट, वाळूचे वादळ. कॅप्टन मॅकमास्टर यांच्या ‘ईगल’ तुकडीने अवघ्या २३ मिनिटांत सुमारे २८ रणगाडे उद्ध्वस्त केले. स्वतःचा एकही सैनिक गमावला नाही. पुढे वाळूतल्या खुणा मोजून, सैनिकांना विचारून, हीच ‘७३ ईस्टिंग’ची लढाई सिमनेटवर पुन्हा उभी करण्यात आली.

तिथेच माझे मन अडखळते. पेटीत ‘मेलेले’ शिकाऊ दुसऱ्या फेरीला पुन्हा बसत. या पुनर्रचनेतले इराकी रणगाडे मात्र, कितीही वेळा सुरू करा, जळतातच. आणि त्यांच्या आत कोण होते, याची नोंद त्या पडद्यावर नाही.