तंजावरच्या माजघरांतील कॉफी

मराठी प्रवासी तंजावरास जातो तो बहुधा बृहदीश्वराच्या देवळांतील भोसलेकुळाचा शिलालेख आणि सरस्वती महालांतील पोथ्या पाहण्यासाठीं. आम्हींहि तें सर्व पाहिलें. दुसऱ्या सरफोजी राजांनीं वैद्यकाच्या अभ्यासासाठीं स्थापिलेल्या धन्वंतरी महालाची हकीकत ऐकली. परंतु वाचकांस सांगण्याजोगें कांहीं आढळलें तें एका दक्षिणी मराठी कुटुंबाच्या माजघरांत. तेथील मराठी राज्य १८५५ त संपलें. या घरांतील चार पिढ्या मात्र अद्यापि आपसांत मराठीच बोलतात.

या घराचा दिवस कॉफीच्या गाळणीपासून सुरू होतो. एकावर एक बसणारीं दोन भांडीं. वरच्याच्या तळाशीं बारीक छिद्रें. पूड दाबून वर कढत पाणी ओतलें कीं दाट अर्क थेंबथेंब खालीं उतरतो. घाईचें तेथें काम नाहीं. त्यांत कढत दूध व साखर घालून पेल्यांतून दवऱ्यांत, म्हणजे पसरट वाटींत, आणि पुनः पेल्यांत अशी ती उंचावरून ओतली म्हणजे फेस येतो. सकाळीं एक पेला, दुपारीं तीनच्या आंत एक. तीन वाजले कीं आजीबाई गाळणी घासून पालथी घालतात. मग जांवई आला तरी पालथी ती पालथीच! आमच्याकडे पाहुण्यास चौथा चहा नाकारण्याची सोय नसते. हा निष्ठुरपणा आम्हांस फार आवडला.

या नियमास शास्त्राचा आधार आहे. पोटांत गेलेल्या कॅफीनपैकीं निम्म्याचा निचरा होण्यास सामान्यतः पांच तासांच्या आसपास वेळ लागतो. संध्याकाळचा पेला मध्यरात्रींहि जागाच असतो. शिवाय कॅफीन शीण नाहींसा करीत नाहीं. दिवसभर मेंदूंत ॲडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचतें आणि झोपेचा निरोप देतें. कॅफीन त्या निरोप्याची जागा अडवून बसतें, एवढेंच. आजीबाईंस हीं नांवें ठाऊक नाहींत, परंतु दमल्या जीवास कॉफी न देतां घटकाभर पडूं द्यावें, हें त्या पक्कें जाणतात.

आम्ही गेलों तेव्हां धाकट्या सूनबाईंस पांचवा महिना होता. मागल्या खेपेस गर्भपात झाला होता, आणि ‘कॉफीनेंच घात केला’ असें कोणीतरी बोलून गेलें होतें. तेव्हांपासून ती पोर पेला हातांत घेतांना चोरासारखी होई; रात्रीं झोप नसे. डॉक्टरबाईंनीं सांगितलें कीं, मागें घडलेल्या गोष्टीचें खापर एका पेयावर असें फोडतां येत नाहीं. पुढें मात्र प्रमाण हवें. गरोदर स्त्रीनें दिवसाकांठीं २०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक कॅफीन घेऊं नये, इतर निरोगी प्रौढांनीं ४०० च्या आंत राहावें, असें युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ त सांगितलें आहे. त्या दिवसांत कॅफीनचा निचरा फार सावकाश होतो, व तें गर्भापर्यंत पोंचतें. चहा, कोला, चॉकोलेट हींहि याच हिशेबांत धरावयाचीं.

त्यावर आजीबाईंनीं काढलेली तोड पाहण्यासारखी होती. चिकोरीच्या मुळांत कॅफीन नसतें. म्हणून त्यांनीं अधिक चिकोरीची पूड आणविली (प्रमाण पुड्यावर छापलेलें असतें), अर्क निम्मा केला, आणि तीच कॉफी सर्वांस लावली. यजमान कुरकुरले. काकांचें दोन दिवस डोकें दुखलें. नेहमीचें कॅफीन एकाएकीं तुटलें म्हणजे असें होतें, व कांहीं दिवसांत तें थांबतें. परंतु सूनबाईंसाठीं वेगळा पेला, वेगळी चव, वेगळी नजर असें कांहीं राहिलें नाहीं. पातळ कॉफीइतकाच या बरोबरीचाहि तो गुण असावा, असें आम्हांस वाटतें; पोर आतां निर्धास्त झोपते, असें तिच्या सासूबाई म्हणाल्या.

आम्ही कुंभकोणमास जावयास निघालों तेव्हां दुपारचे पावणेतीन झाले होते. भातशेतांतून जाणाऱ्या त्या सुमारें ४० किलोमीटरांच्या वाटेवर कॉफीचीं दुकानें कांहीं संपत नाहींत, सांभाळून असा, असें यजमानांनीं हंसून बजाविलें. गाळणींत एका पेल्यापुरताच अर्क उरला होता. तो दोन पेल्यांत वाटून आजीबाईंनीं आम्हांपुढें ठेविला, आणि गाळणी घासावयास घेतली.