वाटूर फाटा ते लॅमिंग्टन रोड

जालन्याहून मंठ्याकडे जाताना परतूरचा रस्ता जेथे फुटतो, तेथे वाटूर फाटा लागतो. भोवताली कापूस, सोयाबीन, तूर आणि विहिरी-बोअरवर चालणाऱ्या विजेच्या मोटारी. ऐन हंगामात मोटार जळाली की शेतकऱ्याला रिवाइंडिंगवाल्याची आठवण होते. मराठवाड्यातील बाजारगावांत हा कारागीर हमखास भेटतो. जळालेली तार उकलणे, वेढे मोजणे, तेवढ्याच जाडीची तार भरणे आणि वर वार्निश देणे, ही त्याची विद्या. जुन्या ध्वनिवर्धकांचे, म्हणजे ॲम्प्लिफायरचे, आयुष्यही याच विद्येने वाढते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्थानकवासी परंपरेतील अनेक साधू-साध्वी प्रवचनासाठी ध्वनिवर्धक वापरत नाहीत. तरी लग्नाचा मांडव, हरिनाम सप्ताह, मंडळांच्या सभा यांनी हे यंत्र खेडोपाडी नेले. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये नळी आणि कर्णा यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. तो जळाला की नवा मिळणे कठीण. जुना उकलून पुन्हा भरावा लागतो. मात्र मोटारीचा हात येथे जसाच्या तसा चालत नाही. आतील दोन्ही गुंडाळ्या थराआड थर रचलेल्या असतात आणि मध्ये कागद असतो. वेढे बरोबर भरले, पण थरांचा क्रम चुकला, तर आवाज येतो खरा; त्यातील तार सप्तकाची धार मात्र बोथट होते. म्हणून चांगला कारागीर उकलतानाच प्रत्येक थर वहीत टिपून ठेवतो. ती वही हीच त्याची खरी पुंजी.

कपॅसिटरची कथा निराळी. त्यातील द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो आणि कर्ण्यातून घूंऽ असा अखंड गुंजारव सुरू होतो. एकाच ॲल्युमिनियमच्या डबीत दोन-तीन कपॅसिटर असलेला जुना माल आता सहसा मिळत नाही. मग डबी बुडाकडून कापून आतला भाग काढतात, तिच्यात नवे छोटे कपॅसिटर बसवतात आणि ती पुन्हा बंद करतात. बाहेरून जुनी, आतून नवी.

हे सुटे भाग आणण्यासाठी परतूर स्थानक गाठावे लागते. एके काळचा मीटरगेज लोहमार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्री बसले की सकाळी मुंबई. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा जुना बाजार.

या व्यवसायात खरी परीक्षा खरेदीची असते. २एन३०५५ हा धातूच्या टोपीतला ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने आणला आणि पुढे असंख्य ॲम्प्लिफायरांत तो बसला. त्याची नक्कलही तितकीच झाली. हलक्या ट्रान्झिस्टरवरचा मूळ क्रमांक पुसून हा क्रमांक छापतात. टोपी कापून पाहिली तर आत सिलिकॉनचा इवलासा तुकडा निघतो. मंद आवाजावर तो निभावतो, पण मांडवात आवाज वाढवला की जळतो आणि कधीकधी कर्ण्यालाही घेऊन जातो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील एक ‘प्रतिरूपक व्यवहार’: अस्सल म्हणून नकली माल देणे. आतून नवी भरलेली डबीही प्रतिरूपच आहे. परंतु ‘डबी जुनी, कपॅसिटर नवे’ असे पावतीवर लिहून दिले तर त्यात दोष उरत नाही. तीच डबी ‘कंपनीची मूळ’ म्हणून हौशी संग्राहकाला चढ्या भावाने विकली, तर तो अतिचारच. माल एकच, फरक पावतीवरील चार शब्दांचा.

दुरुस्ती झालेले यंत्र जाणता कारागीर लगेच थेट विजेला जोडत नाही. वाटेत एक जुना पिवळा बल्ब घालतो. आत कोठे तारा भिडल्या असतील तर बल्ब लख्ख पेटून राहतो. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळतो, हळूहळू मंदावतो आणि नळ्यांमध्ये तांबूस प्रकाश दिसू लागतो.