घराचा नकाशा

"मोठेपणी कोण होणार?" असं कुणी विचारलं, की मी शाळेत असताना ठरलेलं उत्तर द्यायचे – डॉक्टर, नाहीतर शिक्षिका. आज अमेरिकेत कॅलिफोर्नियात मी जे शिकते आहे, ते यातलं काहीच नाही. नवरा-बायकोचं, आईबाप आणि मुलांचं बिनसलं, तर त्यांना बोलतं करायचं, वाट शोधायला मदत करायची. याला म्हणतात कुटुंब-समुपदेशन.

"अगं, गप्पा मारायला शिकावं काय लागतं?" असं माझी आजी विचारते. आता ऐका! आधी एम.ए.च्या तोडीची पदवी. शिवाय अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली एकूण ३००० तासांचा अनुभव, आणि तोही किमान १०४ आठवड्यांचा. मग दोन परीक्षा. तेव्हा कुठे परवाना मिळतो!

काही केंद्रांत खोलीच्या भिंतीला एक गमतीदार आरसा असतो. आतल्यांना तो आरसा दिसतो, पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतल्यांना मात्र साधी काच. कुटुंबाची परवानगी घेऊन शिक्षक तिथे बसतात आणि विद्यार्थी अडखळला तर फोनवरून सुचवतात. साल्व्हादोर मिनूचिन (१९२१–२०१७) हे फिलाडेल्फियात असंच शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की एकट्या मुलाला 'बिघडलेला' ठरवू नका, अख्ख्या घराकडे बघा.

मला सगळ्यात अवघड गेला तो एक गृहपाठ. स्वतःच्या घराचा नकाशा काढायचा! त्याला जीनोग्राम म्हणतात. तीन पिढ्या, पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. भांडण असेल तिथे नागमोडी रेघ, बोलणंच बंद असेल तिथे तुटलेली रेघ.

बाबा आणि काका यांच्यामधली रेघ काढताना माझा हात थांबला. मी पाचवीत होते तेव्हा जमिनीच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं तुटलं. त्याच दिवाळीत मी चुलतभावाशी किल्ल्यावरून भांडले होते. कित्येक वर्षं मला वाटायचं, आपल्यामुळेच काका येत नाहीत!

नकाशासाठी आजीला फोन केला. ती म्हणाली, "तुझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ असेच. विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं, ते शेवटपर्यंत." मी वर आणखी एक तुटलेली रेघ काढली. कागदाकडे बघितलं तर ते भांडण माझ्याहून किती जुनं! मी तर अगदी खालचं छोटंसं वर्तुळ.

तो कागद मी बाबांना पाठवला. फोनवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "विहिरीचं मला ठाऊक नव्हतं गं." दोघे भाऊ अजून बोललेले नाहीत. मी मात्र आता काकांनाही फोन करते, आणि बाबा रागावत नाहीत.

तुमच्या घरीही कधी आवाज चढत असतील. ते भांडण तुमच्यामुळे नसतं, हे पक्कं लक्षात ठेवा. मनात साठवू नका. आजी, मावशी, बाई, जवळ असेल त्या मोठ्या माणसाशी बोला. कुणीच नसेल तर टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८, हे दोन्ही फोन फुकट आहेत. नंबर वहीत लिहून ठेवा.