माळ्यावरचे दार

आत्मसुधारणेचा ध्यास आम्हांस तरुणपणीच लागला. दर वर्षी १ जानेवारीस एका निळ्या वहीत आम्ही आपले संकल्प लिहीत असू. पहाटे ५ वाजता उठणे, रोज ५० पाने वाचणे, वर्गात न रागावणे, घरातील मोडक्या वस्तू स्वतः दुरुस्त करणे, मोडी लिपी शिकणे. मोडीचा मोह पडण्यास कारण होते. शेजारचे जुन्नर हे एके काळी हातकागदाचे गाव. मराठेशाहीतील कितीतरी कागदपत्रे जुन्नरी कागदावर लिहिली गेली. इतक्या जवळ राहून ती वाचता येऊ नयेत, याची आम्हांस लाज वाटे. यादी १२ कलमांची होती. पुढच्या वर्षी नव्या पानावर तीच १२ कलमे अधिक वळणदार अक्षरात उतरत. आमच्यात काही सुधारलेच असेल तर ते अक्षर, असे आमच्या सौभाग्यवती म्हणत.

माध्यमिक शाळेतील नोकरीनिमित्त आम्ही घोडेगावी राहावयास आलो. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. ज्या गावाने तालुक्यास नाव दिले ते जुने आंबेगाव मात्र घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आमचे घरमालक नाना तिथले. गाव सोडताना लोकांनी आपली घरे उतरवली आणि तुळया, वासे, दारे जे नेता आले ते बरोबर नेले. नानांनी आपल्या घराचे सागवानी दार आणले. परंतु नव्या घराच्या चौकटीत ते बसेना. २००१ साली ते आमच्याकडे आले आणि खोलीतील पुस्तकांची पोती पाहून म्हणाले, "मास्तर, ह्या दाराचं पुस्तकांसाठी कपाट करा. माझ्या डोळ्यांदेखत झालं म्हंजे बरं."

आम्ही दार माळ्यावर चढवले आणि निळ्या वहीत १३ वे कलम लिहिले.

त्यानंतरची ११ वर्षे कशी गेली, हे सांगावयास संकोच वाटतो. उत्तरपत्रिका होत्या, निवडणुकीची कामे होती, मुलांची शिक्षणे होती. तथापि वेळ नव्हता असे म्हणणे खरे ठरणार नाही. वेळेचे नियोजन कसे करावे, यावरील एक पुस्तक आम्ही याच काळात तीनदा वाचले. नाना मधूनमधून विचारीत, "दार उतरवलं का?" आम्ही म्हणत असू, "या सुट्टीत नक्की." पुढे त्यांनी विचारणे सोडले. त्यांना काचबिंदू झाला होता. नजर हळूहळू आटत होती. पण ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारले नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात पोत्यांना वाळवी लागली. एका सकाळी पोते उचलले, तो तळाची पुस्तके मातीसारखी खाली सांडली. त्यांत ती निळी वहीही होती. सारे संकल्प वाळवीने एका ओळीचाही अपवाद न करता संपविले होते. घाबरून आम्ही माळ्यावर चढलो. दार जसेच्या तसे होते. जुन्या सागाच्या वाटेस वाळवी सहसा जात नाही.

त्याच आठवड्यात आम्ही मंचरहून करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या आणला. गावातील एका सुताराकडे रविवारी जाऊन बसू लागलो. पन्नाशीतला मास्तर रंधा धरावयास शिकतो आहे, हे पाहून त्याच्या मुलास हसू आवरत नसे. पहिली फळी आम्ही तिरपी कापली आणि वाया घालवली. सांधे जुळेनात, प्रत्येक सांध्यातून उजेड दिसे. दोनदा काम टाकून दिले.

अशा वेळी जुन्नर तालुक्यातील खोडदची आठवण कामास आली. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आम्ही विद्यार्थ्यांसह पाहिल्या होत्या. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. पण तिचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. जाळीची भोके रेडिओ लहरींच्या लांबीपेक्षा बरीच लहान असतात, म्हणून लहरींना ती सलग भिंतीसारखीच वाटते. शिवाय वारा आरपार जातो, वजन आणि खर्च दोन्ही कमी होतात. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी पैशांत केवढे काम साधले! भोके असलेली जाळी दूरच्या आकाशगंगांचा संदेश झेलते, तर आमच्या सांध्यांतील फटींनी पुस्तके काही खाली पडणार नव्हती. निर्दोष होण्याच्या हट्टापायीच आम्ही ११ वर्षे काहीही केले नव्हते.

२०१३ च्या दिवाळीपूर्वी कपाट उभे राहिले. नानांना हात धरून आणले. त्यांनी ते बोटांनी पाहिले. फळ्या, कडा, सांधे, सारे चाचपीत त्यांचे बोट एका भोकाशी थांबले. कडी काढल्यावर राहिलेले ते भोक आम्ही बुजविले नव्हते. "ही कडी रात्री माझी आई लावायची," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "काम चांगलं झालं. पण उशीर केलात, मास्तर."

त्यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. आम्ही कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' काढले आणि मोठ्याने वाचू लागलो. शाळेचे तोंड न पाहिलेली, घरीच अक्षरे शिकलेली ही बाई बोलल्यासारखे लिहिते. तिच्या वडिलांच्या सोवळ्याच्या हकिकती ऐकून नाना खो खो हसले. दुसऱ्या दिवशी ५ वाजता ते आपण होऊन ओट्यावर येऊन बसले. रोज ५० पाने कधीच झाली नाहीत, ८-१० होत. २०१५ साली नाना गेले, तोवर हा क्रम चालला.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. नाना गेल्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही काठावर जाऊन आलो. नानांचे घर कोणते, हे सांगणारे बरोबर कोणी नव्हते. ते त्यांना जिवंतपणी विचारावयाचे राहिले.

आता आम्ही संकल्पांची वही ठेवीत नाही. हाती घ्यावयाच्या कामांपैकी ज्याची कोणी वाट पाहत आहे ते आधी करावे, एवढे एकच कलम उरले आहे आणि तेही नेहमी पाळले जातेच असे नाही. कपाट डावीकडे किंचित कलते. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. मोडी लिपीचे पुस्तक सर्वांत वरच्या फळीवर तसेच आहे. सायंकाळी ५ वाजले की नानी ओट्यावर येऊन बसतात आणि आम्ही हाताशी असलेल्या फळीवरचे पुस्तक काढतो.